सावडीला न सांगता

आई,

काल मी कांद्याचं रोप उपटलं, जुड्या बांधल्या, बांधावर ओल्या पोत्याखाली झाकून ठेवल्या, वाफ्यांत पाणी सोडलं आणि बायकांची वाट बघत बसले. कुणी आलं नाही. दुपार कलली तरी कुणी आलं नाही. मग एकटीच वाफ्यात उतरले, दोन वाफे कसेबसे लावले आणि उरलेलं रोप माना टाकताना बघत राहिले. हे तुलाच सांगायचं होतं. ही फजिती कशी असते हे माझ्या माहितीत फक्त तुला ठाऊक होतं, आणि तू जाऊन आता वीसेक वर्षं होत आली.

आधी माझी हकिकत सांगते, कारण तू गेलीस तेव्हा मी नुसती प्राध्यापक होते. गावात कुणी विचारलं की तू सांगायचीस, "पैशाचं शिकवती ती पुन्याला." आणि घरी आल्यावर मला विचारायचीस, "पैका शिकवावा लागतो व्हय गं? आमाला तर नसला तरी समजायचा." नंतर मी त्याच संस्थेत डीन झाले. डीन म्हणजे शाळेतल्या हेडमास्तरांसारखं, फक्त वर्गात कमी आणि मीटिंगात जास्त. मोठी केबिन, दारावर नावाची पाटी, दाराबाहेर शिपाई. मुलांना नोकऱ्या लागाव्यात म्हणून कंपन्यांच्या लोकांशी गोड बोलायचं, तपासणीला समिती आली की भिंतींना रंग द्यायचा, प्राध्यापकांची भांडणं मिटवायची आणि या सगळ्यातून वेळ उरला तर वर्गावर जायचं. मला ते जमलं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलंही. दोन नवीन अभ्यासक्रम माझ्या हातून उभे राहिले, आणि ज्या मुलांना इंग्रजी बोलताना घाम फुटायचा, त्यांना हाताशी धरून मी उभं केलं. निवृत्त झाले त्या दिवशी शाल, नारळ, भाषणं, सगळं यथासांग झालं. "मॅडम, आम्ही येत राहू," असं जवळजवळ प्रत्येकजण म्हणाला. मीही दोन-तीन महिने चहाची चांगली पावडर आणून ठेवत होते. मग साधी आणायला लागले.

लग्न मी केलं नाही. तो विषय तू एकदाच काढलास आणि माझं तोंड बघून पुन्हा कधी काढला नाहीस, त्याबद्दल मी तुझे आभार मानायचे राहिले. तर असं झालं की पुण्याच्या घरात दारावरची बेल वाजली की ती कुरिअरवाल्याची असायची. म्हणून मी पिंपरी पेंढारला परत आले. विहिरीजवळचं आपलं घर नीट करून घेतलं. जमीन इतकी वर्षं मावशीचा मुलगा वाट्यानं करत होता, त्याच्याकडून विहिरीलगतचा तुकडा तेवढा मागून घेतला आणि म्हटलं, यात कांदा मी लावणार. तो हसला. "मॅडम, तुमाला कशाला ह्यो ताप," म्हणाला. का ते मला त्याला सांगता आलं नाही. तुला सांगते. माझ्या दारात कुणीतरी यावं, एवढंच हवं होतं, आणि आपल्या वस्तीवर माणसं दारात कशी येतात याची मला एकच रीत माहीत होती, ती तुझी.

मावशी म्हणजे तुझी ती शेजारच्या मळ्यातली मैत्रीण, जिला मी जन्मभर मावशी म्हणत आले. तुम्हा सात-आठ जणींची सावड होती. आज हिच्या शेतात सगळ्यांनी कांद्याची लागण करायची, उद्या तिच्या, परवा आपल्या. मजुरी नाही, लिहिणं नाही. बाबा गेल्यावर आपलं शेत पडीक राहिलं नाही ते त्या सावडीमुळं. मला आठवतं, पौषातली सकाळ आहे, धुकं अजून उसाच्या शेंड्यावर आहे आणि तुम्ही सगळ्या लुगड्यांचे ओचे खोवून गार चिखलात बसला आहात. एकीकडं तोंड चालू आहे, एकीकडं अंगठा. रोप ठेवायचं, अंगठ्यानं दाबायचं, पुढं सरकायचं. शाळेला जाताना मी बांधावरून जाते आणि तुझी पाठ मला बाकीच्या पाठींतून ओळखू येते.

एकदा तुला ताप भरला आणि त्याच दिवशी मावशीच्या शेतात लागण होती. माझी अकरावी, परीक्षा तोंडावर. तू म्हणालीस, माझ्याऐवजी तू जा. मी धुसफुसत गेले. दोन वाफे झाले असतील नसतील, मावशी म्हणाली, "पोरी, तू जा, आब्यास कर. आमी बघतो." मला तेच हवं होतं. हात धुऊन घरी आले, तर तू गोधडीतून उठून बसलीस. "का आलीस?" मी म्हटलं, मावशीनंच जा म्हटलं. तू इतकी चिडलीस की मला वाटलं ताप डोक्यात गेला. "त्यांनी जा म्हनायचं आसतं, आपन जायचं नसतं," म्हणालीस आणि तशा तापात मला दारापर्यंत ढकलत नेलंस. मी परत गेले. मावशीनं सरकून तिच्या शेजारी जागा केली. संध्याकाळी हाताची बोटं वळत नव्हती. त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. नंतरही बराच काळ नाही कळला. मी फक्त ते पाठ करून ठेवलं, परीक्षेत पाठ करावं तसं.

मला नोकरी लागली तेव्हाचं तुला आठवतं का? तू मला पुण्याला सोडायला निघालीस, खोडदमार्गे, म्हणजे वाटेत तुझ्या माहेरी पाया पडून. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या, आभाळाकडं तोंड करून उभ्या असलेल्या प्रचंड थाळ्या बघून तू दर वेळी म्हणायचीस तेच म्हणालीस, "येवढं मोठं कान, आन् ऐकायचं ते वरलंच. खाली मानूस बोलतंय ते कुनी ऐकायचं?" पुढं मंचरला गाडी बदलायची होती. कांद्या-बटाट्याच्या ट्रकांनी रस्ता तुंबलेला, पुढची एस.टी. यायला उशीर. तू मला सामानापाशी बसवून गेलीस आणि आलीस ती हातात एक काळी पर्स घेऊन. दुकानदाराला म्हणे सांगितलंस, "मास्तरनी घेत्यात तसली द्या." स्वतः जन्मभर कमरेच्या पिशवीत सुपारी आणि सुटे ठेवलेस, आणि मला चेनची पर्स. ती चेन दुसऱ्या महिन्यात तुटली. मी सेफ्टी पिन लावून ती बरीच वर्षं वापरली. वर्गावर जायच्या आधी टेबलावर पहिली ती पर्स ठेवायची आणि मग खडू उचलायचा. मुलांना वाटत असेल मॅडम कंजूष आहेत.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. तुझे गुडघे गेले, छाती भरून यायला लागली आणि मी तुला आमच्या संस्थेच्या वसाहतीत राहायला आणलं. तू यायला तयार नव्हतीस. लेकीच्या घरी राहायचं कसं, हे तुझं एकच पालुपद. पण आलीस, आणि आठ दिवसांत कामाला लागलीस. मी वर्गावर गेले की तू वसाहतभर फिरायचीस. समोरच्या प्राध्यापकांच्या बायकोचे गहू निवडून दिलेस. वरच्या मजल्यावरच्या बाईंना पापड लाटून दिलेस, त्यांच्या मागच्या अंगणातलं तण काढलंस. त्या मला जिन्यात भेटून सांगायच्या, "तुमच्या आई किती हौशी आहेत हो." मलाही बरं वाटायचं, तू रमलीस म्हणून.

चैत्र संपत आला होता. तू गहू भिजत घातलेस. रोज पाणी बदललंस, वाटलेस, गाळलेस, चीक काढलास. कुरडया करायच्या म्हणालीस. मी म्हटलं, एवढ्या कशाला? तू म्हणालीस, "सगळ्यांच्या व्हतील." मी फार विचार केला नाही. त्या दिवशी आमच्याकडं अभ्यासक्रमाची बैठक होती, ती लांबली. परत आले तर गच्चीवर पलंगपोस अंथरलेले, चारही कोपऱ्यांवर विटा ठेवलेल्या. सोरे तीन, एक तुझा आणि दोन तू कुठून तरी मागून आणलेले. पाट मांडलेले ओळीनं. आणि मधे ते मोठं पातेलं, त्यातला शिजवलेला चीक गार होऊन दगड झालेला. तू पातेल्याशेजारी बसली होतीस, पदर डोक्यावर घेऊन, जिन्याच्या दाराकडं तोंड करून.

मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "त्येंना काम आसंल." मी म्हटलं, कुणाला? तू म्हणालीस, "त्या समोरच्या, वरल्या, त्या चश्मेवाल्या." मी म्हटलं, "तू त्यांना सांगितलं होतंस का, आज कुरडया आहेत म्हणून?" तू माझ्याकडं बघितलंस, अगं, असं बघितलंस की मी काहीतरी वेड्यासारखं विचारलंय. "सावडीत सांगावं लागतं व्हय?" म्हणालीस.

तेव्हा मला कळलं की तू इतके दिवस गहू निवडत नव्हतीस, पापड लाटत नव्हतीस. तू सावड धरत होतीस. आणि त्या बायकांना याची गंधवार्ताही नव्हती. त्या वाईट नव्हत्या. त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्या धावत आल्या असत्या, फोटोसुद्धा काढले असते. त्यांनी तुला साडी आणली होती दिवाळीला, ती त्यांची परतफेड होती. तू ती साडी नेसलीच नाहीस. का ते मला त्या गच्चीवर समजलं.

मी सोऱ्या हातात घेतला. चीक सोऱ्यातून उतरेना. गरम असताना घालायचा असतो तो, आणि त्याला हात लागतात. तू म्हणालीस, राहू दे. पातेलं आपण दोघींनी उचलून खाली आणलं आणि तू चमच्यानं खरवडून थोडा चीक वाटीत घेतलास, त्यावर साखर घालून मला दिलास. लहानपणी द्यायचीस तसा. मी खाल्ला. गार चीक घशाखाली उतरत नाही, पण खाल्ला. त्यानंतर तू वसाहतीत कुणाकडं गेली नाहीस. खिडकीशी बसायचीस. मी विचारलं, गावी जायचंय का? तू म्हणालीस, "तुझी सुट्टी लागली की जाऊ." सुट्टी लागायच्या आत तुझी छाती इतकी भरून आली की दवाखान्यातून तू परत आलीच नाहीस.

तुला घेऊन आम्ही पहाटे वस्तीवर आलो. मी कुणाला फोन केला नव्हता, सुचलंच नव्हतं. तरी अंगण सारवलेलं होतं, आत कंदील लावलेला होता आणि तुझ्या सगळ्या जणी ओट्यावर बसल्या होत्या. दवाखान्यातून कुणाच्या तरी ड्रायव्हरनं कुणाला तरी सांगितलं असेल. मावशी मला धरून रडली नाही. ती सरळ चुलीकडं गेली. सुतकाच्या सगळ्या दिवसांत आपल्या घरात कोण स्वयंपाक करतंय, कोण भांडी घासतंय, हे मला एकदाही बघावं लागलं नाही. मी नुसती भिंतीला टेकून बसले होते. तुला कधी बोलवावं लागत नसे, तसं त्यांनाही लागलं नाही. आणि मी तिथं बसून रडत होते ते तू गेलीस म्हणून तर होतंच, पण त्या गच्चीवरच्या रिकाम्या पाटांसाठीही होतं. इथं एवढ्या होत्या गं, आणि तिथं मी तुला एकटीला बसवलं होतं.

पुढं मी वर्गात सावड शिकवायची. पतपुरवठा आणि विश्वास असा एक तास असायचा, त्यात. मुलं टिपणं घ्यायची. एकदा एका मुलानं विचारलं, "मॅडम, एखादी बाई सगळ्यांकडून काम करून घेऊन स्वतः गेलीच नाही तर तिला शिक्षा काय?" मी म्हटलं, काही नाही, तिच्याकडं कुणी येत नाही. वर्ग हसला. त्यांना ती शिक्षा फार हलकी वाटली. मीही हसले आणि पुढच्या मुद्द्यावर गेले.

तर कालचं. सावड मधे मोडली होती, पिकअप भरून मजुरीच्या बायका यायच्या. पण बिबट्याचा त्रास इतका वाढला की उसाच्या कडेला लांबच्या टोळ्या यायला मागंनात, आणि वस्तीवरच्या सुना पुन्हा एकमेकींच्या शेतात जायला लागल्या. सगळ्या मिळून, मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावून. मी घरातून ती गाणी ऐकायची. म्हणून मला वाटलं की मी रोप उपटलेलं त्यांना दिसेल, वाफ्यात पाणी सोडलेलं दिसेल, आणि त्या येतील. तुझी लेक आहे, येतील. संध्याकाळी मावशी आली. तिची कमर आता पार वाकली आहे, काठी टेकत बांधावर येऊन बसली. माना टाकलेलं रोप तिनं बघितलं, माझे चिखलाचे हात बघितले.

"सांगितलं का न्हाईस?" म्हणाली.

मी म्हटलं, "मावशी, सावडीत सांगावं लागतं का?"

तिनं काठीनं एक ढेकूळ फोडलं. मग म्हणाली, अगदी मायेनं म्हणाली, "सावडीत आसल्यावर न्हाई लागत, बाये."

मला फार लागलं ते. तिनं लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणून जास्तच. आयुष्यभर मी किती जणांच्या कामाला आले असेन, शिफारसपत्रं दिली, नोकऱ्या लावल्या, पण अकरावीतला तो एक दिवस सोडला तर इथं दुसऱ्या कुणाच्या वाफ्यात माझा अंगठा उमटलेला नव्हता. मावशीला काठी धरून घरी पोचवलं. दारात ती म्हणाली, उद्या आमच्या सुनेकडं लागण आहे. एवढंच. ये म्हणाली नाही.

आज सकाळी मी गेले. सगळ्या वाफ्यांत बसलेल्या, गाणं लावलेलं. मला बघून सून उठलीच, "अवो मॅडम, तुमी कशाला? कंबर धरंल. बसा वर, च्या टाकते." बाकीच्याही म्हणाल्या, "नको नको, राहू द्या." मी बांधावर चप्पल काढून उभी, गार वारा, आणि खरं सांगते, मला बसावंसं वाटलं. एवढ्या आग्रहानं आयुष्यात मला लोकांनी खुर्चीच दिली आहे. मग तू मला त्या तापात दारापर्यंत ढकललं होतंस ते आठवलं. मी साडी खोचली आणि वाफ्यात उतरले. सून मग सरकली, आणि तिच्या शेजारी जागा झाली.

मी सगळ्यांच्या मागं पडले. माझी रांग वाकडी झाली, दोनदा सुनेनं माझी रोपं उपटून पुन्हा लावली. दुपारी भाकरीला बसलो तर कुणी मला मॅडम म्हणत नव्हतं. त्यांतल्या निम्म्या सुनांनी तुला बघितलंही नाही, सासवांकडून ऐकलंय फक्त. त्यांतली एक लांबून ओरडली, तुझं नाव घेऊन, "अगं, तिच्या लेकीला ठेचा द्या की." तुझं नाव मी कितीतरी वर्षांत दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. कागदांवर मीच लिहायची, माझ्या नावाच्या मागं.

माझं उरलेलं रोप वाया गेलं. पुढच्या आठवड्यात मावशीचा मुलगा त्याच्याकडचं थोडं देणार आहे. बायका येतील का, ते मी विचारलं नाही. तोवर अजून तिघींच्या शेतात लागण आहे, तिकडं मी जाणार आहे. हे पत्र कुठं पाठवायचं ते मला माहीत नाही, म्हणून घडी घालून त्या काळ्या पर्समध्ये ठेवते, सेफ्टी पिन लावून.

एक राहिलं. दुपारनंतर त्यांनी मला पुन्हा तशीच हाक मारली, तुझं नाव घेऊन तुझी लेक म्हणून, जुडी पुढं सरकव असं सांगायला. मला पहिल्याच हाकेला ऐकू आलं होतं. मी मुद्दाम ओ दिली नाही, दुसऱ्यांदा मारावी म्हणून.